ही म्हणजे कोण

२ फेब्रुवारी
लेकीकडे कायमचा राहायला आलो. खोली छान आहे, खिडकीखाली टेबल. भिंतीवर खिळा होताच, त्यावर आमचा लग्नानंतरचा फोटो लावला. मी उभा आणि ही खुर्चीत. जावई म्हणाले, आता आराम करा. पण आराम कसला? माझ्या पंचाहत्तरीला माझ्या आयुष्याचं पुस्तक काढायचं ठरलंय. चौथीत शाळा सुटली, छत्तीस वर्षं काट्यावर ट्रक तोलले, आणि आता पुस्तक. ते लिहायला लेकीने एक बाई ठरवली आहे. ती कुणाच्या नोकरीत नाही. लोकांची पुस्तकं घरी बसून लिहून देते, स्वतःचं नाव कुठेच घालत नाही. जावई म्हणाले, बाबा, राबणार त्या आणि हार तुमच्या गळ्यात. मला हसू आवरेना.

५ फेब्रुवारी
बाई आली. बोलणं मऊ, हातात लाल पेन्सिल. मी चाचरत सांगू लागलो तर तिने विचारलं, ही म्हणजे कोण? मी ओशाळलो. बायकोचं नाव मी जन्मात घेतलं नाही. घरात ‘अगं’, चारचौघांत ‘ही’. लेक म्हणाली, आमचे बाबा अजून लाजतात.
मग मुख्य ते सांगितलं. ही डोक्याने आजारी पडली. अकरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात होती, तिथेच गेली. दर रविवारी मी बसने जायचो, तिची वेणी घालून यायचो. एवढं छापून आलं पाहिजे, माझ्या काट्याला एक पान पुरे. माझ्यामागे तिची आठवण कोण ठेवणार?
लेक उठून आत गेली. तिच्या सासरी आई तापाने गेली असं सांगितलंय.

१२ फेब्रुवारी
पद्धत अशी आहे. बाई लिहून आणते, मी खाली ‘मान्य’ लिहून सही करतो. तिने बजावलंय, एकदा मान्य झालं की तेच खरं. मला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून लेक वाचून दाखवते. वेणीचं वाचताना तिने डोळे पुसले. मी उगाच तिच्यावर शंका घेत होतो. सगळ्या पानांवर सह्या केल्या.

१५ फेब्रुवारी
नवा चष्मा आला. पानं स्वतः वाचली.
ही कुठेच नाही. लिहिलंय, मी लग्न केलं नाही, मुलगी दत्तक घेतली. लेकीने वाचलं ते कागदावर नव्हतंच. पोटची पोर मनाचं वाचत होती, आणि मी मान डोलावत होतो.
तिला विचारलं. रडली. म्हणाली, मी फक्त इस्पितळ गाळा म्हटलं होतं. बाई म्हणाल्या, मग मुळापासूनच काढू.
खाली सही माझी आहे.

१७ फेब्रुवारी
बाईकडे पानं परत मागितली. मऊच बोलली. म्हणाली, मान्य केलंय ना तुम्ही.
फोटोत खुर्ची रिकामी आहे. जावयांना दाखवली. म्हणाले, पहिल्यापासून तशीच आहे.

१८ फेब्रुवारी
लेकीला म्हटलं, तू तरी आईला विसरू नको. तिने विचारलं, कुणाच्या आईला?
खोटं बोलताना तिची मान खाली जाते. आज गेली नाही.

१९ फेब्रुवारी
वही तेवढी उरली – बाईला ठाऊक नाही. मागची पानं चाळली. माझा न आणि ण शाळेपासून एकच – आयुष्यभर ‘आठवन’ लिहीत आलो – इथे ‘आठवण’ आहे. एकही चूक नाही कुठे.
कुणीतरी वही तपासतंय.

२० फेब्रुवारी
बाहेर बाई आली आहे – लेक तिला बसायला सांगते आहे. घाईने लिहितो. हसताना तोंडावर हात धरायची. अंधाराला भ्यायची – नाही, अंधाराला मी – केस दाट होते. कुणाचे – दर रविवारी मी बसने जायचो. खिशात कंगवा असायचा. खिडकीशी बसायचो. उतरून चालत जायचो, मोठं फाटक होतं, आत –
आत कोण –