मोटारींचा पोळा

प्रिय बाबा,

काल पोळ्याची कर झाली आणि आज सकाळपासून मला तुमच्याशी बोलायचं आहे. आईशी बोलून झालं, भाऊशी भांडून झालं, शेजारच्या काकूंना तर दोनदा सांगून झालं, तरी माझं पोट भरेना. ज्याची गोष्ट त्यालाच सांगायची राहिली की असं होतं. तुम्ही चैत्रात गेलात. श्रावण संपेपर्यंत थांबला असतात तर काय बिघडलं असतं? एका कोंबडीसाठी थांबलात, आणि आमच्यासाठी नाही!

ती कोंबडी आठवते ना? मालगुजारी सुटून गावं सरकारकडं गेली त्या सुमाराला गावोगावचे मालगुजार आपल्या मोटारी विकायला काढू लागले होते. तुम्ही एकीचा सौदा करून आलात, पण हात हलवत. आईनं विचारलं, "मोटार कुठी हाय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मागच्या गादीवर कोंबडी बसली हाय अंड्यावर. पिल्लं निंघू दे, मंग आनतो." सगळं आर्वी गाव हसलं. मोटार आली तेव्हा गादीत पिसं होती, आणि मालगुजारीणबाईंनी आठवण म्हणून दिलेली दोन पिल्लं तुमच्या मांडीवर. त्या मोटारीचं नाव पुढं 'कोंबडी'च पडलं आणि ज्यांनी ती घेतली तेही तिला त्याच नावानं हाक मारतात.

तर ऐका. तुम्ही गेल्यावर भाऊनं ठरवलं होतं की पोळा झाला की मोटारींच्या दुकानाची पाटी उतरवायची. त्याचंही अगदी चुकत नव्हतं. जागोजागी बस जायला लागली, पैसेसुद्धा नवे आले, आता साहेब लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या मोटारी कोण घेणार? विहिरीवरची इंजिनं विकायची, असं त्याच्या डोक्यात होतं. तुमचा तो खिळ्यांचा फळा भंगारात जाणार होता. आई ऐकून घेत होती, ऐकून घेत होती, आणि एक दिवस चुलीपुढून उठून म्हणाली, "करीच्या दिवशी एक जरी मोटार आपल्या पायानं आली, तं दुकान राह्यन. नाई आली तं तू म्हनशीन ते."

भाऊ म्हणाला, "मंग पत्रं तरी टाकतो सगळ्याइले."

"काऊन? पोरीले माहेरी याले आवतन लागते का?"

झालं. आईपुढं कोणाचं चाललंय? पैज ठरली आणि मी अल्लीपूरहून आठ दिवस आधीच येऊन बसले.

बाबा, तुमच्या दुकानाची रीत मी सासरी सांगते तेव्हा कोणाला खरी वाटत नाही. तुम्ही मोटार विकायचात, पण 'विकली' म्हटलेलं तुम्हाला खपायचं नाही. "पोरगी कोनी इकते का? आपुन देतो." गिऱ्हाईक आलं की आधी तुम्ही त्याच्या गावी जाऊन यायचात. मोटार कुठं उभी राहणार, छप्पर गळतं का, चालवणारा माणूस तापट तर नाही? एकदा एका चांगल्या गिऱ्हाइकाला तुम्ही नुसतं एवढ्यावरून परत पाठवलंत की तो त्याच्या घोड्याला मारताना तुम्हाला दिसला होता. सौदा पटला की आई बॉनेटला कुंकू लावायची आणि पुढच्या गादीवर नारळ न् खण ठेवून ओटी भरायची. आणि तुम्ही? तुम्ही चष्म्याची काच पुसत कोपऱ्यात उभे. दर वेळी काचेवर धूळच कशी बसायची हो?

आणि मोटार निघायच्या आधी तिची एखादी लहानशी वस्तू तुम्ही काढून घ्यायचात. कधी दाराची मूठ, कधी दिव्याची कडी, कधी भोंग्याचा रबरी गोळा. तिच्या जागी दुसरी बसवून द्यायचात, पण मूळची आपल्याकडं. फळ्यावर खिळा, खिळ्याला ती वस्तू आणि खाली तुमच्या वाकड्या अक्षरात गावाचं नाव. माहेरची खूण! वर्षातून एक दिवस, करीला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, लेकीनं माहेरी यायचं. पोरं लाकडी नंदी ओढत फिरायची आणि आपल्या दुकानापुढं मोटारी ओळीनं उभ्या राहायच्या, झेंडूच्या माळा घालून. तुम्ही एकेकीची वस्तू खिळ्यावरून काढून तिच्या अंगावर चढवायचात, संध्याकाळी पुन्हा उतरवून ठेवायचात. पुरणपोळीला मात्र मालक बसायचे. मोटारींचा पोळा बघायला पार पुलगावहून लोक यायचे.

पण गेल्या वर्षी तुम्ही घोळ घातलात. तळेगावचे बळवंतराव आले होते, कानात अत्तराचा फाया आणि झुपकेदार मिशांना पीळ. त्यांची मोटार, आपली ठुमकी, मात्र चिखलानं माखलेली. तुम्ही तिला ओळीत सगळ्यांत मागं उभी केलीत. तेवढ्यावर थांबायचं, तर नाही. पोळ्याच्या झडत्या म्हणायची वेळ झाली तशी तुम्ही पुढं होऊन मोठ्यानं म्हणालात,

"माती रे माती, रस्त्याची माती,
ठुमकीले नाई आंघोळ अन् मालकाची फुगली छाती!"

लोक पोट धरून हसले. बळवंतराव ताटावरून उठले. "या दुकानाची पायरी पुन्हा चढीन तं मिशा नाई ठेवनार," असं म्हणून गेले. तुम्ही वर्षभर म्हणत राहिलात, जाऊन समजूत काढतो. गेलात का? नाही. ही एक गोष्ट तुम्ही अर्धवट ठेवून गेलात, बाबा, आणि तिचा मला राग होता.

दुसराही एक राग सांगून टाकते. माझा नंदी! मी लहान असताना आजी म्हणाली होती, पोरीच्या जातीला कशाला नंदी? तुम्ही सरळ सुताराकडून शिसवाचा नंदी करून आणलात आणि मोटारीच्या चाकांना घालायचं तेल त्याच्या चाकांना घातलंत. आर्वीत सगळ्यांत भरधाव नंदी माझाच. लग्न होऊन अल्लीपूरला गेले तेव्हा तो मी बरोबर नेला, आणि ट्रंक उघडून बघते तर त्याला तीनच चाकं. भाऊनं काढलं असणार, दुसरं कोण? तेव्हापासून दोन वर्षं दर भेटीत मी त्याला चाक मागत होते आणि तो देवाच्या शपथा घेत होता.

कालची सकाळ उजाडली. आईनं पहाटेच पुरण शिजवलं, नेहमीइतकंच. मी म्हटलं, "आई, थोडं कमी केलं असतं." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी झेंडू ओवायला बसले. भाऊनं दुकानापुढचा रस्ता झाडून ठेवला. त्याला पैज जिंकायची होती म्हणावं, तर तो दर थोड्या वेळानं तळेगावच्या रस्त्याकडं का बघत होता? पुलगावकडच्या दोघींची आशा नव्हतीच, तिकडं नाल्याला पूर होता. बाकीच्या सगळ्या तळेगावच्या रस्त्यानं येणाऱ्या. दहा वाजले, बारा वाजले. पोरं नंदी घेऊन आली, बोजाऱ्याचे पैसे मागून गेली. पुरणपोळ्या थंड झाल्या. तिसरा प्रहर झाला तसा भाऊ उठला, शिडी आणली आणि पाटीखाली टेकवून नुसता उभा राहिला.

आई म्हणाली, "दिवस मावळला का?"

भाऊनं शिडीवरचा पाय खाली घेतला.

आणि तेवढ्यात वेशीकडून पोरांचा गलका आला. मोटारीचा आवाज नव्हता, माणसांचा होता. "हर बोला, हर हर महादेव!" आम्ही रस्त्यावर धावलो. बाबा, काय सांगू तुम्हाला? पुढं ठुमकी, आणि ठुमकीला बांधलेला मोठा दोर, आणि तो दोर खांद्यावर घेऊन सगळ्यांत पुढं बळवंतराव! धोतर गुडघ्यावर, अंगभर चिखल, मिशा ओघळलेल्या. त्यांच्यामागं दोर ओढणारे इतर मोटारींचे मालक. आणि ठुमकीच्या मागं, ढकलगाडीच्या वेगानं, कोंबडी, चंद्री, बुटकी, सगळ्याजणी एकामागं एक!

झालं होतं असं. ठुमकी सकाळीच सगळ्यांच्या पुढं निघाली आणि वाटेत चढावर बंद पडली. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिखल, मागच्या कोणालाच पुढं जाता येईना. कोणी म्हणालं, बैल आणा. पण पोळ्याच्या करीला आपल्या भागात बैलाच्या खांद्यावर जू कोण ठेवणार? मागच्या मोटारीनं हळूच धक्का देत न्यावी, असं एकानं सुचवलं, तर बळवंतराव गरजले, "माही ठुमकी दुसरीच्या धक्क्यानं माहेरी नाई जानार." मग त्यांनीच दोर खांद्यावर घेतला. "आज बैलाले सुट्टी हाय, मानसाले नाई." झुली पांघरून रवंथ करत उभे असलेले बैल वाटभर त्यांच्याकडं बघत होते म्हणे. एवढं करून वेशीबाहेर नाल्यावर त्यांनी पुन्हा वेळ घालवला. कशासाठी? ठुमकीला आंघोळ घालायला!

दुकानापुढं ते थांबले. आई म्हणाली, "या, वर या."

"पायरी नाई चढनार, वयनी. बोललो होतो." मग आवाज खाली आला. "त्याच्यासंगं भांडन मिटवाचं राह्यलं. गडी घाई करून गेला." त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि रस्त्यावर उभ्या-उभ्याच म्हणाले,

"माती रे माती, रस्त्याची माती,
मालक आला चिखलात अन् ठुमकी न्हाती-धुती!"

कोणी आधी हसलं ते मला कळलं नाही, पण आईसुद्धा हसत होती. तुम्ही गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. बळवंतरावांचं पान तिनं रस्त्यावरच मांडलं. पायरी चढली नाही, मिशाही राहिल्या.

आता खुणा चढवायच्या होत्या. ते काम तुमचं. सगळे भाऊकडं बघायला लागले. तो आत गेला, तुमचा पेचकस घेऊन आला, फळ्यावरून ठुमकीच्या भोंग्याचा गोळा काढून त्यानं स्वतःच्या हातानं बसवला आणि दाबला. पोंऽ! तोच आवाज, बाबा, म्हातारी म्हैस शिंकल्यासारखा. भाऊनं चष्मा काढला आणि काच पुसत कोपऱ्यात गेला. त्याच्याही काचेवर धूळ बसायला लागली म्हणायची!

मग एकेक वस्तू तो आतून आणत गेला. मी बाहेर माळा घालत होते. तेवढ्यात त्यानं आतून हाक मारली, "कमळे, इकडं ये तं. आन् माह्यावर घेतलेला आळ घेऊन येजो."

फळा जवळजवळ रिकामा झाला होता. ठुमकीचा तो मोठा गोळा जिथं लटकायचा, त्याच्या आडोशाला एक बारीक खिळा होता. दोन वर्षं आम्हाला दिसला नव्हता, कारण खुणा काढायला तिथं तुम्हीच जायचात. पुलगावच्या दोघींच्या खुणांशिवाय फळ्यावर तेवढीच एक वस्तू उरली होती. शिसवाचं लहानसं चाक, तेल पाजलेलं. खाली तुमचं वाकडं अक्षर : अल्लीपूर.

 मी आईला विचारलं, "अल्लीपूरला आपण कोणती मोटार दिली होती?"

आई दारात उभी होती. म्हणाली, "अल्लीपूरले मोटार नाई देली, बाई. तुले देली."

तेव्हा मला आठवलं. माझ्या सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही सासऱ्यांना विचारलं होतंत, घर गळत तर नाही ना? उन्हात उभं राहावं लागतं का? घरात तापट कोण आहे? सगळे हसले होते, म्हाताऱ्याला दुकान सुटत नाही म्हणून. मीही लाजेनं मेले होते. बाबा, एवढं प्रेम करायचं आणि सांगायचं नाही, वर माझ्या नंदीला लंगडं करायचं, याला काय म्हणावं?

पाटी उतरली नाही. आज सकाळी भाऊ त्याच शिडीवर चढला आणि पाटीचा ढिला झालेला खिळा ठोकून खाली आला. दुकानाच्या पुढच्या भागात इंजिनं येतील, मोटारी मागच्या फाटकातून ये-जा करतील. हे तुम्हाला फारसं आवडणार नाही, पण त्याचंही थोडं चालू द्या. कोंबडीच्या मालकांना आणखी एक मोटार हवी आहे. भाऊ पुढच्या आठवड्यात त्यांची शेड बघायला जाणार आहे, छप्पर गळतं का ते पाहायला.

मी उद्या अल्लीपूरला परत जाईन. भाऊ म्हणाला, घेऊन जा तुझं चाक. मी नेणार नाही. ते त्याच खिळ्यावर राहील आणि माझा नंदी वर्षभर तीन चाकांवर उभा राहील. दर वर्षी करीच्या दिवशी मी त्याला घेऊन येईन, चाक चढवीन आणि मोटारींच्या पुढं ओढीन. बोलावणं येवो न येवो, रस्त्यात पूर असो नाहीतर ठुमकी आडवी असो, मी येईन. हा माझा शब्द.

तुमची,
अल्लीपूरला दिलेली
कमळी