हिरो डावरा कसा झाला

बाई,

पार्ल्याच्या बाजारात हल्ली डाळिंब्या सोलून, पिशवीत भरून मिळतात. मराठी साहित्यावर एवढा मोठा घाला पडला आणि एकानेही निषेधाची सभा घेतली नाही. मी भाजीवालीला विचारलं, "न सोललेले, मोड आलेले वाल नाहीत का?" तर म्हणाली, "काका, आता कुणाला वेळ आहे?" बरोबर आहे. पण मग कथा चांगली की वाईट हे कळायचं कसं?

हे पत्र पाठवायचं नाहीच, त्यामुळे शुद्धलेखनाची धास्ती न बाळगता लिहितो. ऐंशीनंतरची ती वर्षं. तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन दिवाळी अंक काढत होतात, आणि अंकाचं कार्यालय म्हणजे तुमचं पार्ल्याचं स्वयंपाकघर. लेखकाने पाटावर बसून कथा वाचायची, तुम्ही वाल सोलत ऐकायची. हात थांबले तर कथा अंकात. नाहीतर लेखकाच्या पुढ्यातही मूठभर वाल. मी तेव्हा एका कंपनीत नवा कारकून. तुमच्या अंकात नाव छापून आलं नाही, तर आपण जन्मभर फायलींवर शेरेच लिहिणार, अशी माझी खात्री झाली होती. म्हणून आमच्या मुलुंडच्या चाळीतला हमखास विनोद घेऊन आलो : चाळीत पहिला टीव्ही घेणारे शेजारी. रविवारच्या सिनेमाला ते माणसं लायकीप्रमाणे बसवायचे. सरकारी नोकरीवाले खुर्चीवर, कंपनीवाले सतरंजीवर, आणि नळावर ज्यांच्याशी भांडण झालंय ते दारात उभे. मी वाचतोय, स्वतःच हसतोय, आणि तुमचे हात सपासप चालूच.

"विनोद झकास आहेत रे," शेवटी तुम्ही म्हणालात. "त्यांच्या बायकोला टीव्ही कुठून दिसतो?"

"बायको? ती आत चहा करते ना."

"ते कळलं. दिसतो कुठून?"

मला माहीत नव्हतं. त्या घरात मी दोन वर्षं फुकट सिनेमे पाहिले होते. "मग बघून ये," म्हणालात, आणि वालाची परात माझ्याकडे सरकवलीत.

पुढच्या रविवारी मी सतरंजी सोडून स्वयंपाकघराच्या दारात टेकलो. वहिनी टीव्हीकडे पाठ करून चहा गाळत होत्या. मध्येच हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हा हिरो डावरा आहे ना हो? सगळी मारामारी डाव्या हाताने करतो." मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. ओट्यावरच्या फडताळाच्या काचेत, आतल्या कपबशांवर, बाहेरचा टीव्ही उलटा उमटला होता. वहिनींनी प्रत्येक सिनेमा असाच पाहिला होता.

ते कथेत घालून ती जागा तुम्हाला वाचून दाखवली आणि तुमच्या बोटांतला वाल अर्धा सोललेलाच राहिला. मी घाबरून थांबलो. "थांबलास काय? वाच पुढे," तुम्ही खेकसलात. माझा एकही विनोद तुम्ही कापला नाहीत. शेजारी अजून हास्यास्पदच होते, फक्त आता हसता हसता ठसका लागत होता. नंतर मी पुष्कळ संपादक पाहिले, त्यांचे कथेवरचे सिद्धान्त ऐकून जांभया दिल्या. तुमच्याकडे एकही सिद्धान्त नव्हता. एक प्रश्न असायचा, तोही प्रत्येकाला वेगळा, आणि तो बरोबर आम्ही जिथे पाहिलेलं नसायचं तिथे बोट ठेवायचा.

परवा एका वाचनालयाने मला 'उत्तम कथा कशी लिहावी' यावर बोलायला बसवलं. आधी एका मुलीने सासूवरची कथा वाचली. सासू खाष्ट, सून सोशिक, सगळं ठरल्याप्रमाणे. माझ्या जिभेवर असा टोमणा आला होता, की हॉल डोक्यावर घेतला असता. लोक मला त्यासाठीच तर बोलावतात. तो गिळला आणि विचारलं, "या सासूबाई दुपारी आडव्या कुठे होतात?"

"हॉलमध्ये," ती म्हणाली. मग, "नाही सर, तिथे मुलांचा अभ्यास असतो... आणि आतल्या खोलीत मी..." मग तिने पेन काढलं.

उरलेला वेळ मी तिच्याच कथेला दिला. भाषण राहून गेलं, आयोजक खट्टू झाले, टाळ्या जेमतेम पडल्या. त्या टोमण्याची मात्र अजून हळहळ वाटते, बाई. फार चांगला होता.