पिवळ्या रिबिनीचा घोटाळा

ता. ४ मार्च

सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

दादाची बदली आमच्या गावात झाली हे वाचलं आणि मी शिक्षकांच्या खोलीत टुणकन उडीच मारली. मुख्याध्यापिकेला शोभत नाही म्हणे. न शोभो! माझी एकुलती एक भाची ठकू आता माझ्याच शाळेत येणार.

महिनाअखेरच्या शनिवारी आम्ही नव्या पालकांना शाळा दाखवतो. तुम्ही तिघांनी यायचंच. आमच्याकडे कुठकुठली मुलं आहेत! एका बाकावरच्या दोघांच्या घरी दोन वेगळ्या भाषा, पण मधल्या सुट्टीतलं भांडण अगदी एका सुरात. म्हणून त्या दिवशी आम्ही मोठी माणसं भाषणं ठोकत नाही. मनगटाला पिवळी रिबीन बांधलेलं एकेक मूल एकेका कुटुंबाला शाळा हिंडवतं. आणि मुद्दाम असं मूल देतो, की ज्याची भाषा त्या कुटुंबाला येत नाही. हात धरायचा, बोट दाखवायचं, दार उघडायचं. नवं मूल इथे कसं रुळतं ते पालकांना आपोआप कळतं.

रिबिनी मीच बांधते. त्या गडबडीत चष्मा कपाळावर असतो आणि मी तो टेबलावर शोधत असते, हे तुला वेगळं सांगायला नको.

ठकूला गोड पापा. लोभ आहेच, कमी पडला तर हक्काने मागून घे.

तुझी धांदरट नणंद


ता. ११ मार्च

प्रिय वन्सं यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचता वाचता मलाच धाप लागली. तुमचे दादा पेपरच्या आडून हसत होते. ते तर केव्हाच तुमच्या बाजूला गेलेत.

मी मात्र घाबरलेय. तुमच्यापाशी नाही बोलायचं तर कुणापाशी? ठकू घरात दिवसभर टकळी चालवते, पण बाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. इथल्या शाळेत अख्ख्या वर्षात कुणी तिचा आवाज ऐकलेला नाही. परवा बाईंनी मला बोलावून सांगितलं, की पुढच्या वर्गात हिचा निभाव लागायचा नाही. घरी येऊन पोटभर रडले. आपल्याच भाषेच्या शाळेत जिची ही तऱ्हा, ती तुमच्या त्या गलक्यात कुठे हरवेल कोण जाणे. एक वर्ष तिला घरीच ठेवायचं, असं मी ठरवलंय. रागावू नका.

तुमची पत्रं मात्र तिला भारी आवडतात. जेवताना वाचून दाखवल्याशिवाय घास गिळत नाही. तुमच्या शाळेत दारं कशी आहेत आणि आत काय काय आहे ते सगळं लिहायला सांगितलंय.

माया आहेच, या भित्र्या बाईवर थोडी जास्त असू द्या.

तुमची वहिनी


ता. १७ मार्च

सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

रागावले तर आहेच, पण ते भेटल्यावर. तू फक्त शनिवारी ये. बघून गेल्यावर नको म्हणालीस तर मी हूं की चूं करणार नाही.

आता हे ठकूसाठी. जिन्याखालचं हिरवं दार हट्टी आहे. आधी वर उचलायचं, मग ढकलायचं. मागच्या अंगणातला शेवटचा नळ महाखोडकर. समोर उभं राहिलं की पोटावर फवारा मारतो, म्हणून बाजूने जायचं. चित्रांच्या खोलीत चक्क भिंतीवर रंगवायची परवानगी आहे, पण खिडकीच्या खालीच! आणि वरच्या मजल्यावर, खिडकीत, एक निळी गादी आहे. तिथे बसलेल्याला तू का बोलत नाहीस असं कुणीही विचारायचं नाही, मीसुद्धा नाही. बोलावंसं वाटलं की उठायचं. नवी मुलं महिना महिना तिथे बसतात. ठकूने हवी तर ती आधीच आपल्या नावावर करून ठेवावी.

दादाला सांग, ओढून आणावं लागलं तरी तुला आणायचं. बाकी प्रेम काय ते समोरासमोर.

तुझी धांदरट नणंद


ता. ३ एप्रिल

प्रिय वन्सं यांस सप्रेम नमस्कार.

शनिवारी तुम्ही पालकांच्या गराड्यात आणि आम्हाला गाडी गाठायची घाई, त्यामुळे तुमचा पराक्रम तुम्हाला अजून ठाऊकच नाही.

फाटकाशी मुलं रिबिनीसाठी रांगेत उभी होती. रांग दिसली म्हणून आमची ठकूही माझा हात सोडून शेवटी जाऊन उभी राहिली. आणि तुम्ही, चष्मा कपाळावर, मान खाली, एकेक मनगट धरत धरत सख्ख्या भाचीच्या मनगटालाही रिबीन बांधून मोकळ्या झालात! वर पाठीत थाप मारून एक कुटुंब तिच्या हवाली केलंत. आई-वडील, आजी आणि आईच्या मागे लपलेली ठकूएवढीच मुलगी. त्यांचा शब्द आम्हाला कळेना, आमचा त्यांना.

मी धावणार, तोच ह्यांनी माझा दंड धरला आणि जरा बघ तरी म्हणाले.

बाई गं! जिने ही शाळा जन्मात पाहिली नव्हती, ती सरळ जिन्याखाली गेली, हिरवं दार वर उचललं आणि ढकललं. मला हसावं की रडावं कळेना. मागच्या अंगणात तिने आजींना बाही धरून नळाच्या बाजूने नेलं. वडिलांनी मात्र ऐकलं नाही, समोरून गेले आणि शर्ट चिंब! सगळे खदखदून हसले. ठकूसुद्धा हसली वन्सं, मोठ्याने, परक्या माणसांत!

मग वर, निळ्या गादीपाशी. मला वाटलं, संपलं, आता ही इथे बसणार ती उठायची नाही. तर तिने त्या लपणाऱ्या मुलीला हाताला धरून गादीवर बसवलं. आणि खणखणीत आवाजात तिला सांगितलं, की इथे तू का बोलत नाहीस असं कुणी विचारत नाही, आत्यासुद्धा नाही, बोलावंसं वाटलं की ऊठ. त्या मुलीला एक अक्षर कळलं नसणार. पण ती मागे सरकली आणि शेजारची जागा हाताने थोपटू लागली. ठकूने नकारार्थी मान हलवली. आजींना चित्रांची भिंत दाखवायची राहिली होती ना!

हरले मी, वन्सं, आणि हरून इतकी खूश कधी झाले नव्हते. रिबीन अजून मनगटावर आहे, आंघोळीलासुद्धा सोडू देत नाही. आम्ही सामान बांधायला घेतलंय. लोभ आहेच, आता तो रोज जवळून मिळेल. ठकूसाठी जागा ठेवा. गादीवर नको, वर्गात.

तुमची वहिनी