दाढ काढल्यानंतरचे दिवस

दि. ३
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
घरातले कागद संपलेत, म्हणून दवाखान्याच्या सूचनापत्रामागे लिहितोय. परवा अक्कलदाढ कापून काढली. पन्नाशीत अक्कल आली नि लगेच गेलीही, असं तू म्हणशीलच. गाल टम्म फुगलाय, तोंड उघडत नाही, म्हणून फोन नाही. सूज उतरायला पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्यात. सूज उतरतेय, पण तहान फार लागते; तांब्यावर तांबे रिचवतो. मला मधुमेह आहे हे दंतवैद्यबाईंना सांगितलं नाही. सोबत कुणाला तरी आणा म्हणाल्या असत्या. आणायचं कुणाला? छापखान्यात जातोय, मुद्रितं तपासायला तोंड लागत नाही. भावजींना नमस्कार.
तुझा,
नाना

दि. ४
चि. नाना यास अनेक आशीर्वाद.
पत्र आत्ता मिळालं. त्या गोळ्यांनी साखर भडकते रे, ही तहान तिचीच! कागदावर दवाखान्याचा नंबर होता, लगेच फोन केला. दंतवैद्यबाई म्हणाल्या, मधुमेह आहे का विचारलं होतं, त्यांनीच नाही म्हटलं. आता त्यांच्या परिचारिकेला तुझ्याकडे पाठवताहेत. यांना अंथरुणावरून उठवायला मी लागते, नाहीतर आजच तुझ्या दारात उभी राहिले असते. सोबत नाही म्हणून जिवावरचं दुखणं दडवायचं? आधी कळवलं असतंस तर शेजारणीला यांच्यापाशी बसवून आले असते. विचारायचंस तरी, मूर्खा!
फार रागावलेली,
ताई

दि. ९
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
परिचारिका आल्या तेव्हा मी जिन्यातच बसलो होतो. वर चढवत नव्हतं. साखर चारशेच्या वर. दोन दिवस रुग्णालयात ठेवलं, इन्सुलिन दिलं, त्या गोळ्या बंद केल्या. आता दीडशेवर आलीय. दंतवैद्यबाई भेटायला आल्या. रागावल्या नाहीत, माझ्या नोंदीत स्वतःच ‘मधुमेह’ लिहून घेतलं. ते जास्त लागलं.
छापखान्यात परत गेलो, तर साहेबांनी विचारलं, कालची मुद्रितं कुठे ठेवलीत? मी नव्हतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.
आज तोंड दोन बोटं उघडलं. आवाज फुटतो का पाहायला रिकाम्या खोलीत मोठ्यानं ‘ताई’ म्हणून हाक मारली. फुटला.
शनिवारी येतो. चार दिवस राहीन म्हणतो.
राग ओसरला तरी माया राहू दे.
तुझा,
नाना