यात्रेची पिशवी

प्रिय अर्जुना,

पत्र बघून तू आधी हसशील आणि मग दुकानात सगळ्यांना दाखवशील. दाखवू नकोस. हाकेच्या अंतरावर राहणारा मित्र कागदावर का बोलतोय, असं तुला वाटेल. पण फोनवर मी अर्धं बोललो की तू "बरं बरं, ये चहाला" म्हणून ठेवून देतोस आणि उरलेलं अर्धं माझ्या पोटातच राहतं. आई दहिवडीच्या बाजाराला, तुझ्या दुकानाकडंच निघाली आहे, तिच्याच हाती हे देतोय. ती लुगडं सारखं करेपर्यंत लिहून संपवायचं आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर शिव्या देऊ नकोस.

मी बाहेर मेंढरांच्या जाळीपाशी बसलोय. ऊन मी म्हणतंय. आईनं दोनदा विचारलं, "आरं, उन्हात कशापायी बसलास?" मी म्हटलं, इथं वारा आहे. वारा कुठला आलाय! पण घरात बसवत नाही. मघाशी मध्येच उठून बाहेरच्या हौदावर पाणी पिऊन आलो, मग उगीच कोकराला सोडलं, पुन्हा धरून बांधलं. राणी असती तर तिनं तोंड बघूनच ओळखलं असतं, पण ती भावाच्या लग्नाला फलटणला गेली आहे. माझं एटीएम कार्ड कमरेच्या पिशवीत घालून गेली. लग्नात दागिन्यापेक्षा त्यालाच जास्त जपत असेल बिचारी.

गेल्या वर्षी तू मला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेलास ते आठवतं? केसपेपरच्या खिडकीवर मी पोट दुखतंय म्हणून सांगत होतो आणि तू मागून मोठ्यानं बोललास, "पोट न्हाई, मोबाईलवरच्या पत्त्याचं याड लागलंय ह्याला." बाकावरची सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या दिवशी तुझा गळा दाबावासा वाटला होता. मदुराईला गलाईच्या दुकानात दुसऱ्यांचं सोनं वितळवत असताना माझ्या घरचं राणीचं डोरलं त्या पत्त्यांत कधी विरघळलं ते कळलं नव्हतं, आणि तू ते चारचौघांत बोललास. आज वाटतं, बोललास म्हणून मी आहे.

पण गड्या, दवाखान्यात नेलं की काम झालं, असंच सगळ्यांनी धरलंय. अपेंडिक्स काढून आणल्यासारखं. सरकारनं ते खेळ बंद केले तेव्हा आईनं साखर वाटली. मिरजेच्या समुपदेशक संयोगिता मॅडम मात्र पहिल्याच भेटीत म्हणाल्या, खरं काम आता सुरू. ते काम दिसायला अगदीच फालतू आहे. खिशात एसटीच्या तिकिटापुरतेच पैसे ठेवायचे. बटणाचा फोन वापरायचा. स्टँडजवळ वडाखाली आपला गुंडा क्रिकेटवर पैसे लावून घेतो, म्हणून मागच्या ओढ्यातून वळसा घालून जायचं, मग लोक म्हणोत खुळा. आणि मन पुन्हा खेळाकडं फिरायला लागलं की एका माणसाला सांगायचं. करून बसल्यावर नाही, आधी. मॅडमनी त्या माणसाचं नाव विचारलं, तेव्हा मी तुझं सांगितलं. तुला न विचारताच.

आता यात्रेसाठी देवळात झालेल्या बैठकीचं. तू उठलास आणि म्हणालास, "वर्गणी बिरदेवाकडं ठिवा. लय दिस कोपऱ्यात बसलाय, जबाबदारी टाकली की मानूस सुधारतोय." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुजारी नाथाजी तात्यांनी माझ्या कपाळाला भंडारा लावला. आई खांबाआडून डोळे पुसत होती. मी गावी परतल्यापासून माझं नाव कुणी चांगल्या कामासाठी घेतलं नव्हतं रे. मला इतका आनंद झाला की नको म्हणायला तोंडच उघडलं नाही. तुझा राग नाही. तू मला मान दिलास. पण जखम भरली का बघायला कुणी त्याच पायावर घाव घालत नाही.

काल गुंडा आमच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला. तब्येत विचारली, मेंढरांचं विचारलं आणि जाता जाता म्हणाला, "फोन माझा हाय की. तू नुस्ता रोख दे, सांच्याला माघारी घे." मी त्याला हाकललं. पण रात्रभर तो "सांच्याला माघारी" कानात घुमत राहिला. देवाचे पैसे संध्याकाळी परत ठेवले तर कुणाला कळणार आहे, इथवर मी पोचलो अर्जुना. वर्गणीच्या पिशवीत किती आहेत ते मला ठाऊक नाही. मुद्दाम मोजले नाहीत.

पाकिटात हाताला लागलं ते आमच्या घराचं कुलूप उघडायची किल्ली आहे. पिशवी आत धान्याच्या कणगीमागे आहे. आईचं गाठोडं अंगणात आणलं, दाराला कुलूप घातलं, तेव्हा कुठं हे लिहायला बसलो. आईला वाटतंय मी मंडपाचं काहीतरी कळवतोय, तिला तसंच वाटू दे. तू दुकान बंद कर आणि तिला गाडीवर घेऊन ये. आधी पिशवी बाहेर काढ, मग चहा. यात्रेत मला काम हवंच असेल तर गजी नाचात ढोल दे, दोन्ही हात गुंतलेले राहतील. देवळात मात्र माझ्या वतीनं काही बोलू नकोस. हे मला जमणार नाही, असं मीच सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू फक्त शेजारी उभा राहा. मी जाळीपाशीच बसलोय. लवकर ये.

तुझाच,
बिरदेव