शोकेसमधली मूर्ती

रविवार, धाराशिव

घर मोकळं दिसलं की गिऱ्हाईक लवकर ठरतं, असं एजंट म्हणाला, म्हणून आठवडाभर जुन्या पेट्या, गाद्या काढल्या. आज सकाळी तो शोकेसमधल्या बुद्धमूर्तीकडं बघून हळूच म्हणाला, "सर, हेपण आत ठेवा." मी कपाटात ठेवली. का ठेवली? आईच्या डायलिसिससाठी सोलापूरला राहायला जायचंय, घर विकलंच पाहिजे, म्हणून?

आई पलंगावरून म्हणाली, "कुणापासून लपवायलास रं?" मी कपाटाचं दार लावून घेतलं.

दुपारी एक नवरा-बायको आले. घर लई आवडलं त्यांना. मग नवऱ्यानं विचारलं, "सर, आडनाव काय तुमचं?" सांगितलं. बाईंनी चहाचा भरलेला कप तसाच खाली ठेवला. "कळवतो," म्हणून गेले.

मूर्ती अजून कपाटातच आहे. आईसमोर बाहेर काढायची हिंमत होत नाही.