मनीची मधली जागा

टेंभुर्णी, शुक्रवार, पौष, १९५४

सोडली एकदाची! लग्नाला साल झालं, पण गोधडीवर आमच्या दोघांच्या मधी जागा हिचीच. ह्यांच्या मेलेल्या पहिल्या बायकोची लाडकी मांजर, मनी. मी हाकलली की हे म्हणायचे, "राहू दे, तिला सवय हाय." मंग मला काय, कशाचीच सवय नको?

आज हे शाळेत शिकवायला गेल्ते. मनीला पोत्यात घातलं, पोतं गरगर फिरवलं, म्हंजे परतीची वाट सापडत न्हाई, आन् नदीपलीकडं बाभळीत सोडून आले. लई ओरडली. ओरडू दे. वाईट वाटलं का मला? बिलकुल न्हाई.

संध्याकाळी दुधाची वाटी घेऊन ह्यांनी गल्लीभर हाका मारल्या. मंग दारामागचं पोतं दिसलं. मनीचे केस झटकायचेच राहून गेल्ते. रागावले न्हाईत. पोत्याची बराबर घडी घातली आन् इतकंच म्हणाले, "तुला किती बी फिरवून सोडलं तरी तू इथंच येशील. मायबाप न्हाईत तुला. जाशील कुठं?"

मंग गोधडी अंथरली. मधली जागा मोकळी ठेवून भिंतीकडं तोंड करून पडलेत.